‘मला जमणार नाही’ हे वाक्य कोणाचे?

आत्मविश्वास हा आता विकत मिळणारा जिन्नस झाला आहे. सोलापूरला मिळतो, लातूरला मिळतो, आणि अलीकडे तो आमच्या अणदूरच्या आसपासच्या शाळांतूनही मांडव घालून, ध्वनिक्षेपक लावून, माणशी वर्गणी घेऊन वाटला जातो. वाटणारा गृहस्थ बहुधा कोट घातलेला असतो, गालाला चिकटलेल्या काडीतून बोलतो, आणि आपण गरिबीतून वर कसे आलो याची एक गोष्ट त्याच्यापाशी तयार असते. तासभर तो हसवतो, पाव तास रडवतो आणि शेवटी मुलांना डोळे मिटायला लावून, छातीवर हात ठेवायला लावून, ‘मी करू शकतो, मी करू शकतो’ असे एका सुरात म्हणवून घेतो. मग पुस्तके विकतो. मुले घरी जातात. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला, काल जो पोरगा सगळ्यांत मोठ्याने ओरडला तोच फळ्यापाशी येतो, खडू हातात धरून उभा राहतो आणि म्हणतो, “गुरुजी, मला येत न्हाई.”

या धंद्याविरुद्ध मला लिहायचे आहे. तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार काही नाही. मी मॅट्रिक; त्यापुढचे शिक्षण माझ्या वाट्याला आले नाही. वस्तीवरच्या एका लहानशा शाळेत मुलांना लिहाय-वाचायला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांत माणसे स्वतःशी काय बोलतात ते ऐकत बसावे लागते, एवढीच माझी शिदोरी. पण वीस वर्षे ऐकून माझे एक मत पक्के झाले आहे, ते आडपडदा न ठेवता सांगतो. ‘मला जमणार नाही’ हे वाक्य कोणत्याही मुलाच्या मनात आपोआप उगवत नाही. पाढे जसे पाठ करून घेतात तसे ते त्याच्याकडून कोणीतरी पाठ करून घेतलेले असते. व्याख्याते महाशय त्या पाढ्यावर दुसरा पाढा म्हणायला शिकवतात, आणि पहिला पाढा ज्याने शिकवला त्याला मात्र व्यासपीठावर, आपल्या शेजारी, हार घालून बसवतात. माझी तक्रार आहे ती ही.

हा जपाचा धंदा तसा जुना आहे. फ्रान्समधल्या नान्सी गावी एमिल कुए नावाचा एक औषधविक्रेता होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्याने साऱ्या युरोपाला वेड लावले. आपण दिवसेंदिवस सुधारत चाललो आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस वेळा पुटपुटावे, आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठींची दोरी हाती धरावी, असा त्याचा उपचार. आपल्या जपमाळेला एकशे आठ मणी. साहेबाचे काम विसांत भागले! कुए माणूस मात्र सज्जन. रोग्यांकडून तो पैसा घेत नसे असे सांगतात. ही प्रथा तेवढी पुढच्यांनी उचलली नाही.

जपाने गुण येतो की नाही, हेही कोणी तपासले नाही असे नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून २००९ साली निष्कर्ष छापले. आपण प्रेम करण्याजोगे आहोत, असे वाक्य माणसांना स्वतःशी घोकायला लावले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच बरे होते त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांचे मत वाईट होते, म्हणजे ज्यांना औषधाची खरी गरज, त्यांना पहिल्याहून वाईट वाटले. कारण उघड आहे. मन काही बहिरे नसते. तोंडाने ‘मी हुशार’ म्हटले की आत बसलेला कोणीतरी लगेच पुरावा मागतो, आणि पुरावा नसला की हसतो.

आता तो आत बसलेला कोण, याकडे वळू. आमच्या भागापुरते मी त्याला ओळखतो.

आमचा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. उर्दूचा यात काही दोष नाही; ती गोड भाषा आहे आणि आमच्याकडे कित्येक घरांत ती आईची भाषा आहे. पण घरात मराठी नाहीतर कानडी बोलणारा कुणब्याचा पोर त्या वर्गात जाऊन बसला की त्याला प्रश्नच कळत नसे, आणि प्रश्न कळत नाही त्याला उत्तर कुठून येणार? तो मठ्ठ ठरला. शेतावर गेला. जन्मभर ‘आपल्या डोक्यात शाळा न्हाई’ असे सांगत राहिला. तो आमचा आजा. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले, ही गोष्ट आम्ही मुक्तिसंग्रामाच्या दिनी भाषणात सांगतो. ती शाळेची गोष्ट म्हणूनही सांगावी. पोरे मठ्ठ नाहीत, त्यांना कळेल अशा भाषेत कोणी बोलत नाही, हे त्या मास्तरांनी ओळखले होते.

मग निजामी गेली. मराठी आली, पण कोणाची? १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६७ साली बालभारती निघाली, आणि आमच्या बापाच्या हातात जे पुस्तक आले त्यातली माणसे ‘करत आहेत’, ‘येत आहेत’ असे बोलत होती. आमच्याकडे माणसे ‘करूलालेत’, ‘येऊलालेत’. पुन्हा तोंड उघडले की हशा. आजा उर्दू येत नाही म्हणून मठ्ठ, बाप पुस्तकी मराठी येत नाही म्हणून गावंढळ. आणि आता नातवाला इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाडीत बसवून पाठवतो, तो इंग्रजी येत नाही म्हणून ‘कच्चा’. तीन पिढ्या झाल्या, तीन भाषा झाल्या, वाक्य तेच राहिले. आणि आता हा व्याख्याता त्या नातवाला सांगतो की बाळ, दोष तुझ्या विचारांत आहे!

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात भरले. आमच्या बोलीचे पुष्कळ कौतुक झाले. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ सालीच अकादमीचे पारितोषिक मिळाले होते, तेव्हा बोलीला दर्जा मिळून गेला असे आपण धरून चालतो. पुस्तकात मिळाला असेल. वहीत तिच्याखाली अजून लाल रेघ आहे.

माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. बोलकी, धीट. एकदा तपासणीला कोणी अधिकारी आले होते. त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवून विचारले, “बाहेर काय होत आहे?” ती टुणकन उठली आणि म्हणाली, “सर, पाऊस येऊलालाय.” अधिकारी हसले. वाईट मनाने हसले असे मी म्हणणार नाही. त्यांना गंमत वाटली. त्यांच्याबरोबर आलेले हसले म्हणून वर्गही हसला. मुलगी बसली. त्यानंतर दीड महिना ती वर्गात बोलली नाही, काही विचारले तर पुटपुटे, “मला येत न्हाई गुरुजी.” वाचकहो, पाऊस खरोखरच येत होता. तिने पाहिले ते बरोबर, सांगितले ते बरोबर, आणि तरी घरी गेली ती ‘मला येत नाही’ हे वाक्य दप्तरात घालून. यात तिच्या विचारांचा दोष कुठे शोधायचा ते मला कोणी दाखवावे.

तिचे पुढे काय झाले ते सांगतोच. त्याआधी एक आक्षेप निकालात काढू, कारण तो रास्त आहे. लोक म्हणतात, “गुरुजी, दोष कोणाचाही असो, वाक्य आता त्या पोरीच्याच डोक्यात आहे ना? मग स्वतःच्या मनाशी बोलायला शिकवले तर बिघडले कुठे?” काही बिघडले नाही. मनाशी बोलणे आपल्याला फ्रान्समधून आणावे लागत नाही. समर्थांनी दोनशे पाच श्लोक मनालाच उद्देशून लिहिले आणि ते घरोघर दिवेलागणीला म्हटले गेले. पण ते श्लोक पुन्हा काढून वाचा. त्यांत मनाची खुशामत कुठेही नाही. समर्थ मनाला सज्जन म्हणून हाक मारतात आणि लगेच कामाला लावतात : हे कर, ते सोड. मन थोर आहे की क्षुद्र, याचा निवाडा करत ते बसत नाहीत.

अमेरिकेतला अल्बर्ट एलिस पुष्कळ वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आला. मुंबईचे कि. मो. फडके आणि डॉ. अंजली जोशी यांच्यामुळे तो मराठी वाचकाला आता परका नाही. जोशीबाईंचे ‘मी अल्बर्ट एलिस’ तालुक्याच्या वाचनालयातही सापडते. एलिसने १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्याचे म्हणणे असे की माणसाने आपल्या कृत्याला गुण द्यावेत, स्वतःला देऊ नयेत. गणित चुकले तर ‘गणित चुकले’ म्हणावे. ‘मी चुकीचा’ म्हणू नये, आणि बरोबर आले म्हणून ‘मी थोर’ असेही म्हणू नये. त्याची स्वतःची गोष्ट गमतीची आहे. एकोणीस वर्षांचा असताना तो बायकांशी बोलायला घाबरे. त्याने काय करावे? आरशासमोर उभा राहून ‘मी धीट आहे’ म्हणत बसला नाही. न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या बायकांशी बोलायचे असा नेम केला आणि महिनाभरात शंभरजणींशी बोलला. एकच भेटायला येते म्हणाली, तीही आली नाही. पण भीती गेली. आमच्या गावात हा प्रयोग केला तर भीतीबरोबर दातही जातील. तेव्हा तो जसाच्या तसा कोणी करू नये. त्यातले मर्म घ्यावे : भीती गेली ती करून गेली.

हे मर्म समजायला मला न्यूयॉर्कला जावे लागले नाही. ते आमच्या गावातच होते.

अणदूर लोकांना ठाऊक आहे ते खंडोबामुळे. आमचा देव वर्षातले दहा महिन्यांहून जास्त अणदुरात राहतो आणि उरलेले दिवस नळदुर्गाला. पण नव्वदीच्या दशकापासून या गावाचे नाव आणखी एका कारणाने बाहेर गेले. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनचे काम येथे उभे केले आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. आडनाव अहंकारी, आणि काम ज्यांना अहं म्हणून काही उरलेलाच नाही अशा बायकांत! नियतीलाही विनोदबुद्धी असते.

या बायका कोण होत्या? चार-सहा इयत्ता शिकलेल्या. काहींचे तेवढेही नव्हते. मजुरीला जाणाऱ्या, काही टाकलेल्या, काही विधवा. आमच्याकडची बाई अनोळखी माणसाशी बोलायला लागली की आधी एक वाक्य म्हणते : “आमी अडाणी, आमाला काय कळतंय.” नमस्कार करावा तसे म्हणते. हे तिचे मत नव्हे. तिच्याकडून अपेक्षित असलेला तो मुजरा आहे. बापाने, सासऱ्याने, तलाठ्याने, दवाखान्यातल्या नर्सने तो घेतलेला आहे. आता या बाईला मांडवात बसवून ‘मी करू शकते’ म्हणायला लावले असते तर तिने म्हटलेही असते. मुजरे करायची तिला सवयच आहे.

तिला तसे काही म्हणायला लावले नाही. ताप मोजायला शिकवले. जुलाब होणाऱ्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी किती आणि कसे द्यायचे ते शिकवले. गरोदर बाईची तपासणी, साध्या दुखण्यावरची औषधे, आणि कोणते दुखणे आपले नाही, डॉक्टरकडे धाडायचे, हेही शिकवले. यात पहिला चमत्कार तापमापकाचा. डॉक्टरच्या हातात पाऱ्याची रेघ जिथे थांबते तिथेच ती या बाईच्या हातातही थांबते. पारा तिला जात विचारत नाही, इयत्ता विचारत नाही, नवऱ्याने नांदवली की नाही हे विचारत नाही. शंभर आणि दोन म्हणजे शंभर आणि दोन. जन्मात पहिल्यांदा तिच्याजवळ अशी एक गोष्ट आली की जी सासरा खोटी पाडू शकत नाही. आणि दुसरा चमत्कार रात्रीचा. ज्या वाड्याच्या उंबऱ्याबाहेर ती उभी राहायची, त्याच वाड्यातून कोणीतरी कंदील घेऊन येते : “मावशी, चल की, लेकरू तापलंय.” व्याख्यान तिथे संपते. तिला आता कोणी सांगायला नको की तू कोणीतरी आहेस.

ही कल्पना एकट्या अणदूरची नाही. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावांनीच निवडून दिलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांवर त्यांनी आरोग्याचा भार टाकला. १९७१ साली त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली ५२. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि वेळ पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवले. बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापले. हे आकडे मी आरोग्यासाठी देत नाही. ‘मला काय कळतंय’ हे वाक्य किती खोटे होते, याचा हा हिशेब आहे. ते खोटे पडले ते त्या बायांच्या हातात सुई, वही आणि जबाबदारी दिल्यावर. त्यांच्या मनाची मशागत करून नव्हे.

अल्बर्ट बांडुरा नावाच्या पंडिताने १९७७ साली हेच शास्त्राच्या भाषेत लिहिले. आपल्याला जमेल हा भरवसा कशाकशातून येतो याची त्याने प्रतवारी लावली : अव्वल नंबर स्वतः केलेल्या कामाचा, मग आपल्यासारख्याच दुसऱ्याने केलेले पाहण्याचा, दुसऱ्याने तोंडाने दिलेल्या धीराची ताकद त्याने बेताचीच धरली. आमच्या मांडवात मात्र सगळा खर्च त्या बेताच्यावर.

आता ती मुलगी. तिला मी काही समजावले नाही. शाळेत बाटली कापून केलेला एक पर्जन्यमापक होता, तो तिच्या ताब्यात दिला. रोज सकाळी मोजायचे, फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे, बेरीज ठेवायची. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, असे कृषी खाते दरसाल सांगते. पण आपल्या शिवारात किती झाला हे कोण सांगणार? तेव्हा वस्तीवरची माणसे शाळेच्या दारात येऊ लागली. “पोरी, किती झाला गं?” पहिले चार दिवस तिने नुसते फळ्याकडे बोट दाखवले. पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्याला दिसेना, तेव्हा तिला बोलावे लागले. “तात्या, चाळीसच झालाय. आनि थोडं थांबा. आभाळ आलंय, पाऊस येऊलालाय.” तात्या थांबला. बोली तीच, क्रियापद तेच. या वेळी कोणी हसले नाही, कारण त्या क्रियापदावर बियाण्याचे पैसे अवलंबून होते.

पण काम हातात देऊन भागते असे मी म्हटले तर ते अर्धेच होईल, आणि त्या अर्ध्यावर सरकार टपून बसलेले आहे. २००५ नंतर आशा नेमल्या. गावोगावच्या लाख बायका त्याच वाटेने गेल्या असत्या तर किती बरे झाले असते! पण त्यांना कागदावर म्हटले ‘स्वयंसेविका’ आणि दिले ‘मानधन’. मानधन हा मराठीतला मोठा लबाड शब्द आहे. त्यात मान असतो म्हणून धन कमी असते. साथीच्या काळात याच बायका घरोघर हिंडल्या, आपण त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि जून २०२१ मध्ये त्यांना संपावर बसावे लागले. जिला रोज आठ तास काम सांगितले जाते आणि हे काम नव्हे, सेवा आहे असे बजावले जाते, तिला नेमके कोणते वाक्य शिकवले जात आहे? ‘तुझ्या कामाची किंमत नाही’ हेच ना? मग तिच्यासाठीही एखादे शिबिर भरेल, ताणतणाव व्यवस्थापनाचे.

आणि शेवटी शेतकरी. २०१५ साली सरकारने शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी दोन जिल्हे निवडून एक मोहीम काढली : यवतमाळ आणि आमचे उस्मानाबाद. नाव ‘बळीराजा चेतना अभियान’. खचलेल्या माणसाला कोणी भेटावे, बोलते करावे, गरज असेल त्याला मानसोपचार मिळावेत, याच्या मी विरुद्ध नाही. मन आजारी पडते, त्याला डॉक्टर लागतो, आणि तो खेड्यात मिळत नाही हे दुःख आहे. पण ‘चेतना’ या शब्दावर मी अडतो. चेतना द्यायची म्हणजे नव्हती असे धरायचे. ज्या माणसाने सलग दुष्काळात तीनदा पेरले, त्याच्यात कसली कमी होती? पहिले पेरून गेले तरी दुसऱ्यांदा उधारीवर बियाणे आणणारा माणूस हा या देशातला सर्वांत मोठा आशावादी आहे. ‘मी नालायक’ हे वाक्य त्याला शेताने शिकवले नाही. बँकेच्या खिडकीपाशी तासभर उभे करून शिकवले, अडतीत भाव पुकारताना शिकवले, पंचनाम्याला कोणी आले नाही तेव्हा शिकवले. त्या खिडकीला चेतना द्यायचे अभियान अजून निघालेले नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळांत पुन्हा पत्रके येतील. आमच्या शाळेला एक आगाऊच आले आहे : एक दिवसाचे शिबिर, विद्यार्थ्यामागे अमुक रुपये, भोजन आणि प्रमाणपत्रासह. व्यवस्थापन समितीपुढे ते ठेवायचे आहे, तेव्हा त्यावर मी शेरा लिहून ठेवला आहे. एवढ्याच रकमेत एक खरा पर्जन्यमापक, सहा तापमापके आणि एक वजनकाटा येतो. दरपत्रक सोबत जोडले आहे.